साठ पिना

७ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहावं की नाही यात दहा मिनिटं गेली. तू घर सोडून सात महिने झाले, पण कागदोपत्री काही झालेलं नाही, म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर खोडून घे. मी खुशाल आहे. गुडघे होते तसेच आहेत. कानाचं यंत्र दुरुस्त करून आणलं. आता ते शिट्टी मारत नाही, नुसतं खरखरतं. आमचे चिरंजीव, म्हणजे तुझा नवरा, सकाळी औषधांच्या दुकानात जातात, संध्याकाळी येतात, जेवतात आणि वर जाऊन दार लावून घेतात. आमच्याकडचं वर्तमान एवढंच.

तुझं पत्र मिळालं. 'बाबा, माझ्या वाफ्यातली स्ट्रॉबेरीची बारा रोपं मला हवीत. जुनी उपटून नकोत, रनरवरून नवीन तयार केलेली हवीत. ऑगस्टअखेर पाठवा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सूचना लिहून देते.' आणि खाली अकरा सूचना. अकरा! चाळीस वर्षं मी कारखान्यात लेथवर काढली. हत्तीएवढ्या मशीनवर चार ओळींची पाटी असायची, त्यातल्या दोन 'हात घालू नका' अशा. इथे वीतभर उंचीच्या झाडाला अकरा कलमं!

त्यातली दुसरी तर वायाच गेली. रनर म्हणजे काय ते मला माहीत आहे. रोपातून दोरीसारखी लांब काडी निघते, जमिनीवरून सरपटत जाते, तिच्या टोकाला पानांचा झुपका येतो, तो मातीला टेकला की मुळं धरतो आणि नवीन रोप होतं. मागच्या वर्षी बघितलंय की मी. असो, मागच्या वर्षाचं राहू दे.

चौथ्या सूचनेने मात्र मला पार रडकुंडीला आणलं. 'ज्या रोपांना भरपूर आणि मोठी फळं येतात त्यांचेच रनर घ्यायचे, म्हणून फळं असतानाच खूण करून ठेवा.' ठीक. मी स्टूल घेऊन वाफ्यापाशी बसलो आणि रोज फळं मोजली. बत्तीस रोपं. वही केली. चौथ्या दिवशी लक्षात आलं की निम्मी फळं पक्षी माझ्या आधी मोजतायत. जाळी टाकली, तर गोगलगायी खालून आल्या. आता पक्ष्याने अर्धं खाल्लेलं फळ पूर्ण धरायचं, अर्धं धरायचं की धरायचंच नाही, हे तुझ्या अकरा सूचनांत कुठेही नाही. मी अर्धं धरलं. शेवटी सहा रोपं निवडली आणि त्यांना लाल लोकर बांधली. लोकर हिच्या, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या, टोपलीतली घेतली.

तुझ्या नवऱ्याला तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, "बारा कशाला, सगळीच न्यायला सांगा. मला ती झाडं डोळ्यांसमोर नकोत." तू स्वतः का येत नाहीस, हे मी विचारत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी जी ओळ आहे ना, 'बाबा, जे एकदा विचारलं ते मी पुन्हा विचारणार नाही,' तिचं उत्तर सवडीने देईन. सध्या गोगलगायींमुळे सवड नाही.

तुझा,
बाबा


२८ जून

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

'सूचना क्र. ७ आणि ८ नीट वाचा,' एवढंच तुझं कार्ड. वाचल्या. आता माझं ऐक.

रनर सुटले. सुटले म्हणजे काय, मोकाट सुटले. एकाला एक दिशा धरवत नाही. मी दह्याचे चोवीस रिकामे डबे गोळा केले, तळाला भोकं पाडली, माती आणि कुजलेलं खत भरलं, दोरी ताणून दोन सरळ रांगा लावल्या, वरून लेव्हल लावून बघितली. दृष्ट लागावी असं काम झालं. मग एकेक रनर धरून आपापल्या डब्याकडे वळवायला घेतला. सहा मोडले. काडी वाकतेय, वाकतेय असं वाटतं आणि कडकन तुटते. लोखंड तरी तुटण्याआधी काही सुचवतं.

हे सगळं कुंपणापलीकडच्या नर्सबाई बघत होत्या. त्या वर्षभर परगावी लेकीकडे होत्या, तिचं बाळंतपण आणि मग नातू सांभाळणं, आणि नेमक्या आताच परत यायच्या होत्या त्यांना. मला त्यांचं बोलणं ऐकू जात नाही असं समजून त्या ओरडून बोलतात, त्यामुळे गल्लीभर गेलं.

"अहो फिटरसाहेब, डबा रोपाकडे न्यायचा असतो! रोप डब्याकडे नाही!"

मी म्हटलं, "मग रांगेचं काय?"

"कसली रांग? परेड आहे का?"

मी रांगा मोडल्या. आता वाफ्याभोवती डबे कसेही पडलेत, बघवत नाही. एका मातृरोपाला तीनच रनर ठेवायचे, एका रनरवर पहिलंच नवीन रोप धरायचं आणि पुढचा शेंडा खुडायचा, हे तुझं सगळं पाळलं. (मातृरोप! जुनं रोप म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?)

आता सातवी. 'रोपाचा मधला गाभा मातीत पुरू नका, फार वरही ठेवू नका, मातीच्या बरोबरीने असू द्या.' बरोबरीने म्हणजे किती? मी दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली घेतलं. कुठलीही गोष्ट घट्ट बसायची तर थोडी आत घ्यावी लागते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. पाच रोपं काळी पडून कुजली. नर्सबाईंनी त्यातलं एक उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "नाका-तोंडावर पांघरूण घातल्यावर कोण जगेल?" उरलेल्यांची माती मी चमच्याने काढली. दोन तास लागले आणि पाठ धरली.

आणि आठवी. रनर मातीला टेकून राहावा म्हणून 'केसांच्या पिना वापरा, हॉलच्या खणात आहेत'. केसांच्या पिना मी वापरणार नाही. एक लांब, एक आखूड, तिसरी फाकलेली, चौथी गंजलेली. माझ्याकडे तारेच्या पिना आहेत. साठ. सगळ्या एका मापाच्या, तीन इंच पाय, टोकं घासलेली. आधीच केलेल्या होत्या. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

परवा तुझा नवरा चहाचा कप घेऊन मागे आला. बरेच दिवसांनी आला. लाल धाग्याकडे बघत उभा राहिला.

"ही आईची लोकर ना?"

"हो."

"या झाडांना?"

त्याने उरलेला चहा कुंपणाशी ओतला आणि आत गेला. वाफ्यात नाही ओतला, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

तुझ्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाकी?' असं लिहिलं आहेस. बाकी काय असणार? बाकी ठीक.

तुझा,
बाबा


२१ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

आधी रोपांचं सांगतो. तेरा डब्यांत जीव आहे. 'मूळ धरलंय का ते हलकेच ओढून बघा, धरल्याशिवाय रनर कापू नका,' ही तुझी नववी सूचना मी सकाळ-संध्याकाळ पाळत होतो. त्यावरूनही बोलणी खाल्ली. "रोज टाके उघडून बघितलेत तर जखम भरेल का?" इति नर्सबाई. या बाईने आयुष्यभर पेशंटना असंच दटावलं असणार. मी आता ओढत नाही, नुसता बघत बसतो. आणखी सहा डबे नव्याने लावलेत. बारा हवीत तर एकोणीस असू द्यावीत.

काल हिला जाऊन वर्ष झालं.

हिचा भाऊ आला होता, माझ्या दोघी बहिणी आल्या होत्या, आणखीही चार जण होते. हॉलमध्ये बसले. सगळ्यांना एकच हकिगत तोंडपाठ आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली सासू आत एकटी, सून मागे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात रमलेली, सासू आपली आपण उठायला गेली, पडली, कपाटाचा कोपरा डोक्याला लागला, नऊ दिवसांनी गेली. वर्षभरात त्यात एका शब्दाचा फरक झालेला नाही. हिचा भाऊ म्हणाला, "अर्धा तास लक्ष दिलं असतं तर आज ती इथे बसली असती." धाकटी बहीण म्हणाली, "आणि वर घर सोडून गेली!" मी सगळ्यांना चहा दिला. यंत्राचा आवाज बारीक केला होता.

ते गेल्यावर तुझा नवरा मागे आला आणि डबे बघून त्याचा तोल गेला. एवढा मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, यंत्र बारीक असूनही सगळं ऐकू आलं. "या झाडांपायी आई गेली! आणि तुम्ही बसून त्यांची पिल्लं वाढवताय? तिच्यासाठी?" मग म्हणाला की सात ऑगस्टला फरशीवाला येणार, मागचं सगळं खणून काढणार आणि फरशी घालणार. वाफा राहणार नाही. मी म्हटलं, "सूनबाईंना महिनाअखेर रोपं द्यायची आहेत." तो म्हणाला, "तिला काय द्यायचं ते तिने मला सांगू नये."

आज सकाळी मी डबे सावलीत ओढत होतो. नर्सबाई कुंपणाशी आल्या. आज ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, पण माझ्याकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत.

"काल चिरंजीव बोलले ते कानावर आलं. म्हणजे सूनबाई गेली ती याच्यासाठी?"

"हो."

"मला कुणी सांगितलंच नाही. त्या पडल्या त्याच दिवशी मी लेकीकडे गेले. अकरा जुलै."

मी म्हटलं, "असेल."

"दुपारी बॅग घेऊन निघाले तेव्हा तुम्ही पुढे गॅरेजात होतात. दार अर्धं उघडं होतं. काहीतरी ठोकत होतात. मी हात केला, तुम्ही वर बघितलं नाही."

"दुसऱ्या दिवशी असेन."

"माझं तिकीट अकरा तारखेचं होतं," त्या म्हणाल्या. मग मागे वळत, "मी काही म्हणत नाही हो. तुमचं घर आहे." आणि गेल्या.

काय म्हणायचं या बाईला? वर्षभर कुठे होती? आणि बस पकडायची तर सरळ पुढे बघून चालावं, लोकांच्या गॅरेजात कशाला डोकवायचं? मला सगळ्यांचा वैताग आलाय. हिच्या भावाचा, त्याच्या त्या अर्ध्या तासाचा, तुझ्या नवऱ्याचा, फरशीचा, अकराच्या अकरा सूचनांचा. आणि तुझ्या कालच्या पत्राचा तर सगळ्यात जास्त. 'बाबा, रोपं बारा नाही जमली तर दहा चालतील. एकही नाही जमलं तरी चालेल. मला रोपांची पत्रं नको आहेत.' मग कशाची हवीत?

पान संपलं म्हणून थांबतो. मागची बाजू कोरी आहे, पण थांबतो.

बाबा


९ ऑगस्ट

चि. सूनबाई,

आशीर्वाद आज लिहीत नाही. तुला आशीर्वाद द्यावा अशी माझी आज जागा नाही.

मागच्या वर्षी अकरा जुलैला, दुपारी तीनच्या सुमारास, तू हॉलच्या दारात उभी होतीस. हातात फुटक्या बशीत केसांच्या पिना होत्या. तू म्हणालीस, "बाबा, मी मागे रनर लावून येते, अर्धा तास लागेल. आईंना उठू देऊ नका. बसाल ना त्यांच्याजवळ?" मी म्हणालो, "जा तू निवांत. मी बसतो." हे मी म्हणालो. तू ऐकलंस ते बरोबर होतं. तुला भास झाला नव्हता, तू बनवून सांगितलं नव्हतंस. मीच म्हणालो होतो.

मी दहा मिनिटं बसलो. हिला झोप लागली होती. मागच्या खिडकीतून तू दिसत होतीस. तू एक पिन खोचलीस, रनर उसळून वर आला. दुसरी खोचलीस, ती वाकली. मला बघवेना. तुला माहीत आहे मला वाईट हत्याराने केलेलं काम बघवत नाही. मी स्वतःशीच चिडलो, म्हटलं, हे काय, पाच मिनिटांत चांगल्या पिना करून देतो हिला. आणि उठलो.

गॅरेजात तारेचं वेटोळं होतं. पकडीच्या व्हाइसवर साचा लावला, एक पिन वाकवली, ती बरी झाली. ठोकताना कानातलं यंत्र खणखणतं म्हणून ते काढून व्हाइसशेजारी ठेवलं. मग दुसरी केली. मग म्हटलं दहा करू. सगळ्या मापात येत होत्या, एकीवर दुसरी ठेवली तर केसाचा फरक नाही. काम छान होतंय म्हणून मला मजा वाटत होती, हेही लिहून ठेवतो. साठ झाल्या तेव्हा तार संपली. तार जास्त असती तर मी आणखी केल्या असत्या. पिना खिशात घालून तुला दाखवायला घरातून मागे निघालो, आणि ही जमिनीवर होती.

तिने हाक मारली होती का, ते मला माहीत नाही. किती वेळा मारली, मला मारली की तुला, काही माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तरी त्यांना कुठून कळणार? मी वर्षभर त्याच एका गोष्टीपाशी जाऊन परत येतो. यंत्र कानात असतं तर गॅरेजापर्यंत हाक आली असती, एवढं मला पक्कं माहीत आहे, कारण नंतर मी हॉलमध्ये रेडिओ लावून गॅरेजात उभं राहून बघितलं. ऐकू येतो.

मग हॉस्पिटलातलं. ते तुझ्यापुढे लिहायला नको, तू तिथेच होतीस. तरी लिहितो, कारण आतापर्यंत ते फक्त तू सांगत होतीस आणि तुझं कुणी धरत नव्हतं. तुझ्या नवऱ्याने विचारलं, "आईजवळ कोण होतं?" तू म्हणालीस, "बाबा होते." त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी आत झोपलो होतो." तू माझ्यासमोर येऊन म्हणालीस, "बाबा, तुम्ही बसतो म्हणाला होतात ना?" आणि मी कानाकडे बोट दाखवलं. ऐकू येत नाही म्हणून. यंत्र माझ्या कानात होतं, सूनबाई. चालू होतं. तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं.

मी घाबरलो होतो. मुलगा आता माझ्याकडे कसा बघेल, याला घाबरलो. मग तो तसा तुझ्याकडे बघायला लागला आणि मी सुटलो. पहिले आठ दिवस वाटत होतं, ही शुद्धीवर आली की सांगू. ती गेल्यावर वाटलं, महिनाभर जाऊ दे. नंतर प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा अवघड होत गेला, कारण आता न सांगितल्याचंही सांगावं लागणार होतं. नोव्हेंबरात तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी दारात उभा होतो आणि म्हणालो, "पोहोचलीस की कळव." याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ही रोपं मी एवढ्या नेटाने का लावली ते तू केव्हाच ओळखलं असशील. बारा रोपं दिली की आपण काहीतरी दिलं असं मला वाटणार होतं. तू ओळखलंस, म्हणून तर म्हणालीस रोपांची पत्रं नकोत.

परवा, सात तारखेला, फरशीवाला आला. टेप घेऊन मागची जागा मापायला लागला. मोठा बोलका माणूस. "साहेब, हा वाफा काढायचा का? झाडं चांगली आहेत की, फळं लागतात का?" तुझा नवरा म्हणाला, "काढायचा. माझी आई आत पडली होती तेव्हा घरातलं माणूस इथे बसलं होतं, या झाडांत."

मी डबे बाजूला सरकवत होतो. हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणालो, "ती इथे होती, कारण मी तिला जा म्हटलं होतं. आईजवळ मी बसणार होतो. मी उठून गॅरेजात गेलो."

तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा सांगितलं. यंत्राचं सांगितलं, पिनांचं सांगितलं, हॉस्पिटलातलं सांगितलं. फरशीवाला टेप हातात धरून उभा होता. मग त्याने टेप गुंडाळली, "मी नंतर येतो," म्हणाला आणि निघून गेला.

तुझा नवरा माझ्या स्टुलावर बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "वर्षभर?"

"हो."

"मी तिला काय काय बोललो ते तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"आणि तिला? तिला लिहिलंत?"

"नाही. तुलाच आधी सांगतोय."

"आधी तिला सांगायचं होतं," तो म्हणाला. मग उठून आत गेला. काल दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी जिन्यात थांबला आणि म्हणाला, "तिचा नवीन पत्ता द्या. फोन करायचं तोंड नाही मला." मी दिला नाही. म्हटलं, तिला विचारतो, ती हो म्हणाली तर देतो. तुझ्या वतीने मी यापुढे हो किंवा नाही, काहीच म्हणणार नाही. देऊ का, ते एका ओळीत कळव. नको असेल तर 'नको' एवढंच लिही, कारण लिहायची गरज नाही.

हिचा भाऊ, माझ्या दोघी बहिणी आणि त्या दिवशी हॉलमध्ये बसलेले बाकीचे चार, अशा सात जणांना मी आज हीच सगळी हकिगत लिहितोय. हे पत्र आधी पेटीत पडेल, मग ती सात. नर्सबाईंना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत," आणि आत गेल्या. मला त्यांचा राग येत होता, आता येत नाही.

एकोणीस रोपांनी मूळ धरलंय. अठ्ठावीस तारखेला रनर कापेन, तीसला निघेन. खोका मांडीवर घेऊन स्वतः बसने येतो, कुरिअरवाले उलटंपालटं करतात. दुपारी चारच्या आसपास पोहोचेन. तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर खोका दाराशी सावलीत ठेवून परतीची बस धरेन, वाट बघत बसणार नाही. त्याच दिवशी पाणी दे एवढंच.

माफ कर असं मी म्हणत नाही. म्हटलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि वर्षभर उत्तर मीच थकवलं होतं. तू खरं बोलत होतीस. मला माहीत होतं.

तू ज्याच्या भरवशावर त्या दुपारी घराबाहेर गेलीस, तो
तुझा सासरा